व्यक्तिचित्र: माप, उजेड आणि कांतीचा रंग

व्यक्तिचित्रात माणूस ओळखू येतो तो नाकाडोळ्यांमुळे कमी आणि डोक्याच्या एकूण घडणीमुळे जास्त. बांधावरून चालत येणाऱ्या माणसाचे डोळे दिसण्याच्या कितीतरी आधी तो कोण हे कळलेले असते. डोके मानेवर कसे बसले आहे, कुठला खांदा उतरला आहे, पाऊल टाकताना भार कुठे जातो, एवढ्यावरून गावातले पोरही नाव सांगते. हुबेहूब चित्रणाच्या तंत्राचा सगळा डोलारा या साध्या गोष्टीवर उभा आहे. नवखा विद्यार्थी मात्र बहुधा डोळ्यापासून सुरुवात करतो, पापणीचा केस न् केस काढतो, आणि मग दुसरा डोळा ठेवायला जागाच उरलेली नसते.

महाराष्ट्रात हे तंत्र शिस्तीने शिकवले गेले ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत विद्यार्थी आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करीत. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ पासून, जिवंत मॉडेल समोर ठेवून अभ्यास करण्याचा ‘लाइफ क्लास’ तिथे रीतसर भरू लागला. पेस्तनजी बमनजी, महादेव विश्वनाथ धुरंधर, अँटोनियो झेवियर त्रिंदाद, सावळाराम लक्ष्मण हळदणकर, एम. आर. आचरेकर, गोपाळ देऊसकर ही सगळी मोठी नावे या ना त्या प्रकारे याच परंपरेतली. मापे विलायतेची, रंगांच्या नळ्या विलायतेच्या. समोर बसणारी माणसे मात्र इथली. कांती सावळी, नेसण नऊवारी, बैठक मांडी घालून आणि ऊन दख्खनचे. विलायती पुस्तकातली कृती जशीच्या तशी वापरली की चित्रातला माणूस गुलाबी मेणाचा दिसू लागतो. या चित्रकारांची खरी कर्तबगारी दिसते ती ही अडचण सोडवण्यात.

उदाहरणादाखल नीरेकाठच्या सांगवीतला साठीचा एखादा ऊसउत्पादक शेतकरी समोर बसला आहे असे धरता येईल. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात नेहरू शर्ट, खाली धोतर. पहिले काम मापाचे. हात कोपरात न वाकवता पुढे ताणायचा, एक डोळा मिटायचा आणि हातातल्या ब्रशच्या दांडीवर टोपीच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतची उंची अंगठ्याने धरायची. बाकीचे शरीर याच मापाने मोजले जाते. कोपर जरा वाकले तरी माप बदलते, म्हणून हात ताठ ठेवण्यावर शिक्षक इतके हटून बसतात. टोपी, फेटा किंवा पदर असेल तिथे आणखी एक चूक हमखास होते. टोपीच्या आत कवटी आहे हे विसरून टोपी थेट भुवयांवर टेकवली जाते आणि माणसाचे निम्मे डोके छाटले जाते. डोळे हे कवटीच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. केसांची सीमारेषा फसवते, म्हणून नवखे हात त्यांना नेहमी वर चढवतात. आधी कवटीचा गोल हलक्या रेषेने काढून घ्यावा आणि टोपी त्यावर नंतर घालावी, हा त्यावरचा खात्रीचा इलाज.

चेहऱ्याची बाकीची ठोकळ मापे थोडी आहेत. केसांच्या कडेपासून भुवया, भुवयांपासून नाकाचे टोक आणि तिथून हनुवटी, हे तीन भाग साधारण सारखे. दोन डोळ्यांमधले अंतर एका डोळ्याइतके. कान भुवयांच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंत. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट धरतात. नवजात बाळात ती जेमतेम चौपट असते, आणि म्हणूनच लहान मूल काढताना नुसता आकार लहान करून भागत नाही. अशी मापे आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पाच प्रकार दिले असून त्यांची उंची अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुळे सांगितली आहे. मूर्तिकारांचे तालमानही याच जातीचे. फरक एवढाच की शास्त्रातले माप देवाला आणि राजाला शोभेल असे असते, तर व्यक्तिचित्रकाराला माप हवे असते ते समोरचा माणूस त्या मापापासून किती ढळला आहे हे पाहण्यासाठी. नाक तिसऱ्या भागापेक्षा दोन सुतांनी लांब आहे हे ज्याला दिसले, त्याला साम्य सापडले.

मांडी घालून बसलेला माणूस हा विलायती पुस्तकांत जवळजवळ नसलेला विषय. अशा बैठकीत जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची डोक्याच्या सुमारे चौपट भरते. मांडीचे हाड सरळ आपल्याकडे रोखलेले असते, त्यामुळे ते कागदावर अगदी आखूड दिसते. डोक्याला मात्र मांडी लांब असते हे माहीत असल्यामुळे हात ती लांब काढतो आणि माणूस चटईवरून घसरल्यासारखा होतो. दिसते तेवढेच काढायचे, माहीत आहे ते नाही, ही शिकवण इथे सर्वांत कामाला येते. उभ्या आकृतीत कसोटी वेगळी असते. भार एका पायावर असेल तर त्या बाजूचे कंबरेचे हाड वर जाते, खांदा बहुधा खाली येतो, आणि गळ्याच्या खाचेतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. गवंड्याचा ओळंबाच मॉडेलसमोर लटकवून हे ताडून पाहता येते. ओळंबा चुकला की कितीही सुंदर रंगवलेली आकृती पडेल की काय असे वाटत राहते. आचरेकरांनी ‘रूपदर्शिनी’ या पुस्तकात जिवंत मॉडेलवरून केलेली रेखाटने आणि भारतीय शिल्पातल्या आकृती शेजारी शेजारी ठेवून अभ्यासल्या, त्यामागे हाच प्रश्न होता: शिल्पातला डौल खऱ्या शरीराच्या तोलाशी कुठे जुळतो आणि कुठे तो तोल सोडून पुढे जातो.

मापानंतर उजेड. चित्रकाराला उत्तरेची खिडकी हवी असते, कारण तिथून थेट ऊन न येता आकाशाचा एकसारखा उजेड येतो आणि सावल्या दिवसभर फारशा सरकत नाहीत. युरोपात हा नियम बारा महिने चालतो. सांगवी मात्र सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य इथे डोक्याच्याही उत्तरेला असतो, आणि उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येते. जूनपासून ढग ते झाकतात ही त्यातल्या त्यात सोय. मे महिन्यात पातळ पांढरे कापड खिडकीवर लावण्याशिवाय गत्यंतर नाही. गावच्या घरात स्टुडिओ नसतो. तिथे ओसरीचा आतला कोपरा उत्तम. उजेड एका बाजूने येतो, छपरामुळे वरचा भगभगाट अडतो.

असा एका बाजूचा उजेड चेहऱ्यावर पडला की त्याचे पाच भाग पाडता येतात. उजेडाकडची बाजू, मग मध्यछटा, मग जिथे पृष्ठभाग उजेडापासून वळतो तिथला सर्वांत गडद पट्टा, त्यापलीकडे शर्टावरून किंवा जमिनीवरून उलटून आलेला परावर्तित प्रकाश, आणि नाक-हनुवटीची पडछाया. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील विरून हे भाग स्पष्ट होतात. परावर्तित प्रकाश कितीही उजळ वाटला तरी तो सावलीच्या घरातलाच असतो. तो उजेडाच्या बाजूइतका उजळ रंगवला की गोलाई मोडते. होतकरू चित्रकारांच्या दहापैकी निम्म्या चित्रांचा जीव याच एका चुकीने जातो.

उजेडाचा अभ्यास कुठवर नेता येतो ते हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रात दिसते. मूळचे सावंतवाडीचे हळदणकर (१८८२–१९६८). हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढले, आणि त्यासाठी त्यांची कन्या गीता दिवा हातात घेऊन उभी राहिली. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे. राजा रविवर्म्याचे म्हणून ते आजही अनेक घरांत लावलेले आढळते, हा हळदणकरांवरचा अन्यायच म्हणायचा. चित्रातला सगळा उजेड एका ज्योतीचा. तो खालून वर येतो, त्यामुळे चेहऱ्यावरची नेहमीची छायाप्रकाशाची मांडणी उलटी होते: हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्या आणि वरच्या पापणीचे पोट उजळते. ज्योतीवर आड धरलेल्या हाताची बोटे लालसर पेटल्यासारखी दिसतात, कारण उजेड बोटांच्या कडांतून आरपार येतो आणि मांसातून येताना त्याचा तांबडाच भाग उरतो. हे निरीक्षण ज्याचे पक्के नाही तो ती बोटे पिवळी रंगवील. आणि हे सगळे जलरंगात. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. कागदाची पांढरी जागा हाच उजेड. ज्योतीजवळची जागा पहिल्यापासून राखून ठेवायची, फिकट पाण्याचे थर एकावर एक चढवत गडदाकडे जायचे, आणि एकदा काळोख झालेली जागा पुन्हा उजळता येत नाही हे सतत ध्यानात ठेवायचे. तैलरंगात चूक खरवडून काढता येते. इथे ती राहते.

आता कांती. युरोपीय पाठ्यपुस्तकात गोऱ्या त्वचेची कृती ठरलेली असते: पांढरा, पिवळी माती, थोडा शेंदरी. गोरी त्वचा आत शिरलेला बराचसा उजेड परत फेकते, आणि तो रक्तातून जाऊन आलेला असल्यामुळे गुलाबी दिसते. सावळ्या त्वचेत आतून परतणारा उजेड कमी असतो. पृष्ठभागावरून आरशासारखी उलटणारी चमक मात्र दोन्ही त्वचांवर जवळजवळ सारखीच. त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर ही चमक ठळक उठते, आणि तिचा रंग त्वचेचा नसतो, समोरच्या उजेडाचा असतो. मोकळ्या आकाशाखाली कपाळावरचा, गालफडावरचा चकाकता भाग निळसर दिसतो तो यामुळे. उसाच्या फडाच्या कडेला उभ्या माणसाच्या जबड्याखाली आणि दंडाच्या आतल्या बाजूला पानांचा हिरवट उजेड येतो. हा निळा आणि हिरवा घाबरून गाळला, सगळीकडे तपकिरीच लावला, की चेहरा मातीच्या मडक्यासारखा निर्जीव होतो.

सांगवीच्या त्या शेतकऱ्याने टोपी काढली की आणखी एक गोष्ट दिसते. भुवयांच्या वर दोन बोटांवर एक आडवी सीमारेषा असते. तिच्या खाली आयुष्यभराचे ऊन, तिच्या वर फिकट, जवळजवळ पिवळसर कपाळ. शर्टाच्या गळ्यापाशी तसाच त्रिकोण, मनगटाच्या वर तशीच कड. ही सीमारेषा कडक रंगवली तर पट्टी बांधल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती बोटभर रुंदीत विरते. साधारणपणे चेहऱ्याचा वरचा तिसरा भाग पिवळट, नाक-गाल-कानांचा मधला भाग तांबूस आणि हनुवटीकडचा भाग दाढीमुळे राखाडी-हिरवट असतो. सावळ्या चेहऱ्यातही हे तीन पट्टे असतात, फक्त दबलेले.

रंगफळ्यावर यासाठी फार नळ्या लागत नाहीत. पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एवढ्यात बहुतेक मराठी चेहरे बसतात. स्वीडनचे अँडर्स झॉर्न यांचा रंगफळा तर पांढरा, काळा, पिवळी माती आणि शेंदरी अशा चारच रंगांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्या चित्रांतला करडा काळ्यापांढऱ्याच्या मिश्रणातून येऊन शेजारच्या उबदार रंगामुळे निळा भासतो. सावली गडद करण्यासाठी त्वचेच्या रंगात नुसता काळा मिसळणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट वाट. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून मिळणारा गडद रंग पाहिजे तसा उबदार किंवा थंड करता येतो. रंगापेक्षा टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, आधी बरोबर हवा हे मात्र कधीच बदलत नाही. टोन बरोबर असेल तर निळा चेहराही ओळखू येतो, टोन चुकला तर अचूक मिसळलेली कांतीही उपयोगाची नाही.

तैलरंगाचे बांधणीचे नियम जवसाच्या तेलाभोवती फिरतात. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते, त्याला दिवस आणि आठवडे लागतात. म्हणून खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त आणि तेल कमी, वरच्या थरात तेल जास्त. उलटे केले तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर आक्रसतो आणि चेहऱ्यावर भेगा पडतात. जुन्या पद्धतीत आधी एकाच करड्या किंवा मातकट रंगात पूर्ण छायाप्रकाश बांधून घेत, तो वाळला की पारदर्शक रंगाचे पातळ थर चढवीत. त्रिंदाद यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत ते त्यांच्या काळोखातून उमलणाऱ्या उबदार प्रकाशामुळे. सांगेला जन्मलेल्या आणि मुंबईत हयात घालवलेल्या या चित्रकाराची चित्रे आज पणजीत फुंदासांव ओरिएंतमध्ये पाहायला मिळतात. दुसरी पद्धत ओल्यावर ओले रंगवण्याची. एका बैठकीत, मोठ्या ब्रशने, प्रत्येक फटकारा योग्य टोनचा टाकून तो न घोळवता तसाच सोडायचा. मुंबईचे वासुदेव कामत प्रेक्षकांसमोर तासाभरात चेहरा उभा करतात तेव्हा हीच शिस्त दिसते. पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी त्यांना २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाले होते.

नाकडोळे अखेरीस येतात आणि त्यांचे सगळे मर्म कडांमध्ये असते. बुबुळाभोवतीचे पांढरे पांढरे नसते. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते, म्हणून ते त्वचेच्या जवळपासच्याच टोनचे करडे घ्यावे लागते. खालच्या पापणीच्या काठावर ओल असते, तिची बारीक उजळ रेघ काढली की डोळ्याला जाडी येते. नाकपुडी काळी नसते, गडद तांबूस असते. वरचा ओठ बहुधा सावलीत, खालचा उजेडात, आणि भाव असतो तो ओठांच्या कोपऱ्यांत. सगळ्या कडा सारख्या धारदार ठेवल्या की चेहरा कापून चिकटवल्यासारखा वाटतो. सावलीतला गाल पार्श्वभूमीत विरघळू द्यावा, उजेडातल्या गालाची कड मात्र पक्की ठेवावी.

वस्त्र हा आपल्याकडे जास्तीचा धडा. चुण्या शोभेसाठी नसतात. कापड जिथे ताणले जाते तिथून त्या सुटतात. नऊवारीचा काष्टा मागे खोचलेला असतो, त्यामुळे चुण्या कंबरेपासून मांडीभोवती फिरून जातात आणि आतल्या पायाचा आकार सांगतात. पाचवारीच्या निऱ्या तो झाकतात. धुरंधरांच्या स्त्रिया कापडाच्या आत खरोखर उभ्या आहेत असे वाटते, कारण त्यांनी आधी शरीर बांधले आणि मग लुगडे नेसवले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते घरगुती मराठी स्त्रियांच्याच चित्रासाठी. वस्त्र आणि साम्य यांचा संबंध पाहायचा तर पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर गाठावे. १९६८ साली उभारलेल्या या वास्तूत देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रे आहेत, एक स्त्रीवेशातले, एक पुरुषवेशातले. पेहराव, केस, दागिने सगळे बदलले तरी माणूस एकच, कारण डोक्याची घडण बदललेली नाही.

आज व्यक्तिचित्रांची बहुतेक कामे फोटोवरून होतात. सोसायटीच्या कार्यालयात, शाळेत, कारखान्याच्या सभागृहात लावायचे दिवंगत संस्थापकांचे चित्र म्हणजे बहुधा एखाद्या लग्नातल्या समूहफोटोतून किंवा पासपोर्ट फोटोतून काढलेले. अडचणी ठरलेल्या असतात. समोरून फ्लॅश मारलेला असल्यामुळे छायाप्रकाश नसतो, चेहरा सपाट. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले. उन्हातल्या फोटोत सावल्या नुसत्या काळ्या, त्यांतले रंग कॅमेऱ्याने गिळलेले. कसबी चित्रकार अशा वेळी मुलाला किंवा नातवाला त्याच कोनात, एका बाजूच्या उजेडात बसवतो. घराण्याची गालफडे आणि जबडा बहुतेक उतरलेले असतात, त्यावरून छायाप्रकाश घेता येतो आणि नाकडोळे फोटोवरून. जिवंत माणूस बसणार असेल तर वीस-पंचवीस मिनिटांच्या बैठका आणि मध्ये विश्रांती ठेवावी, पायांभोवती आणि हाताच्या जागी खडूने खुणा कराव्यात, म्हणजे चहा घेऊन परतल्यावर त्याच जागी बसता येते.

जुनी चित्रे प्रत्यक्ष पाहणे हा या सगळ्यात सर्वांत स्वस्त वर्ग. सांगवीकरांना नीरा ओलांडून फलटणमार्गे सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाता येते. स्वतः चित्रे काढणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर आदींच्या कलाकृती आहेत. छापील प्रतीत ब्रशचा फटकारा दिसत नाही. मूळ चित्रात कुठे रंग दाट बसवला आहे आणि कुठे कापडाची वीण उघडी ठेवली आहे, ते दिसते. उजेडाचे भाग दाट आणि सावल्या पातळ ठेवण्याची रीत तिथे सरळ वाचता येते.

चित्र पुरे झाल्यावर वॉर्निशची घाई नको. तैलरंग वरून वाळलेला वाटला तरी आतून घट्ट व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. चित्र लावताना ओल येणारी पश्चिमेची भिंत टाळावी आणि फ्रेम भिंतीपासून बोटभर पुढे ठेवावी, म्हणजे मागून हवा खेळते. दिवंगतांच्या चित्राला हार घालायचा आणि कुंकू लावायचे असेल, तर ते फ्रेमच्या लाकडावर किंवा काचेवर; ओली फुले, कुंकू आणि उदबत्तीचा धूर थेट रंगावर आला की डाग उतरवताना खालची कांतीही निघते.